मीटरवरचा आकडा

कुंभकोणमला माझी बदली झाली, तेव्हा शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. चार जुन्या बॅटऱ्या रिलेने, म्हणजे आपोआप टकटकणाऱ्या खटक्याने, आलटूनपालटून जोडल्या, की दिव्यात गेलेली वीज फिरून बॅटरीत परत येते, अशी त्यांची खात्री. डोळे अधू, म्हणून बॅटऱ्यांना लावलेल्या मीटरवरचा आकडा रोज संध्याकाळी मी वाचायचो आणि ते खडूने भिंतीवर लिहायचे. बाहेर सगळं तमिळ. बायको गेल्यापासून घरातली तंजावरी मराठी ते फक्त माझ्याशीच बोलत.

आकडा रोज उतरायचा. एकदा मला राहवेना, मी कालचाच सांगितला.

त्यांनी खडू खाली ठेवला. "लटकं सांगू नका. आकडा उतरला की रिलेची टकटक मंदावते. मला रोज कानानंच कळतं."

मग हळूच म्हणाले, "उद्या वाचायला याल ना?"