सोडला की सुटला?

गळाला मासा लागो न लागो, किस्सा लागतोच! त्यातून आम्ही धरलेला मासा परत सोडणारे, त्यामुळे घरी न्यायला किस्सेच उरतात. रविवारी गोदावरीकाठी जमणारे आम्ही तिघं: नांदेडला घड्याळं दुरुस्त करणारे रफिकभाई, हिमायतनगरकडचे शेतकरी माधवराव आणि मी.

आमचं दुखणं एकच. माधवरावांची रिकामी पिशवी बघून वहिनी दर वेळी म्हणतात, "सोडला न्हाई, सुटला म्हणा!" माधवरावांना ते फार लागतं.

*

मासा सहज मोकळा व्हावा म्हणून रफिकभाई गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकतात. एकदा त्यांनी गळाच्या दुकानातच विचारलं, "बिनकाट्याचे गळ हायत का?"

"मासा सुटंल की भाई!"

"सुटायलाच पायजे."

"मग धरताच कशाला?"

यावर आम्ही अजून विचार करून राहिलो!

*

कोरड्या हातानं धरलं की माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो. "हात ओले करा!" रफिकभाई ओरडले. समोर अख्खी गोदावरी, आणि माधवरावांनी घाईत थर्मासमधला चहा हातावर ओतला!

*

फोटोचा नियम: आपल्याला श्वास रोखता येईल तेवढाच वेळ मासा पाण्याबाहेर. रफिकभाईंनी श्वास रोखून मोबाईल धरला. माधवरावांनी आधी टोपी नीट केली, मग मिशा. मासा मजेत गेला, रफिकभाईंना सावलीत बसवावं लागलं. फोटोत आलं फक्त त्यांचं बोट!

*

दमलेला मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरायचा, तो आपणहून निघेपर्यंत. माधवराव तसे वाकलेले बघून एक गुराखी थांबला. "मासा धुऊन राहिले का?"

"हाव."

"मग पातेलं कुठाय?"

*

शेवटी माधवराव वहिनींनाच घेऊन आले. "बघ आता, सोडतो का सुटतो!"

दुपारपर्यंत एक मासा लागेल तर शपथ. माधवरावांचा चेहरा बघवेना. चहा ओतायला त्यांनी गळ वहिनींकडे दिला आणि लागला की! चांगला दांडगा कटला मासा.

"अहो, धरा!"

"तूच धर. आधी हात ओले कर!"

वहिनी पदर खोचून पाण्यात उतरल्या. ओल्या हातांनी कटला प्रवाहाकडे तोंड करून धरला. फोटोचं कुणाला सुचलंच नाही. जरा वेळानं त्यानं शेपटी हाणली, वहिनींचं तोंड भिजवलं आणि गेला. त्या इतक्या खळखळून हसल्या की मलाही फार बरं वाटलं.

त्यांना सोडायला घरी गेलो. दारात माधवरावांच्या आई बसलेल्या. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"काय गं, मासा?"

"लई मोठा व्हता, आत्याबाई. मीच सोडला."

म्हातारी गालात हसली.

"सुटला म्हण की गं!"