परीट आले का?

आमच्या दिल्लीतल्या सरकारी कॉलनीतले गवतवाले काका पक्ष्यांकडे कधी सरळ बघत नसत. थंडीतल्या रविवारी सकाळी ते लॉनच्या कडेला वर्तमानपत्राची घडी टाकून बसायचे. तोंड आमच्या गॅलरीकडे आणि डोळे तिरपे गवतात. कॉलनीतली मुलं त्यांना ‘घासवाले अंकल’ म्हणत. नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी तर गायीसाठी चारा मिळेल का, असंही विचारलं होतं. काका मंत्रालयात चांगले सेक्शन ऑफिसर, पण रागावले नाहीत. “गाय बाँधी कहाँ है?” एवढीच त्यांनी चौकशी केली.

मी शेजारची मुलगी. शेजारी बसून टक लावून बघायला लागले की ते दटावत, “जेवणाऱ्याच्या ताटात बघू नये, आईनं शिकवलं नाही? झाडावर गातो तेव्हा पक्षी सगळ्यांचा. गवतात उतरला की तो पानावर बसलेला असतो.”

त्यांचा सगळ्यात लाडका परीट. दसऱ्याच्या सुमारास डोंगरांतून उतरायचा आणि कापलेल्या गवतात किडे टिपत तुरुतुरु पळायचा. मी दिल्लीत वाढलेली, परीट म्हणजे धोबी हेसुद्धा मला माहीत नव्हतं. काका कपाळाला हात लावून म्हणाले, “अगं, शेपूट बघ कशी आपटतोय. दगडावर धुणं आपटावं तशी!”

काका रिटायर झाले आणि क्वार्टर सोडून मुलाच्या गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये गेले. नववा मजला. खाली बघितलं तर क्रेन आणि खणलेली माती. पहिल्याच दसऱ्याला त्यांनी घरात विचारलं, “परीट आले का रे?” नातू म्हणाला, “आजोबा, प्रेसवाला तो सुबह ही आया था ना!” हे त्यांनी मला फोनवर हसत हसत सांगितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “आपल्या लॉनवर आले का गं?”

आले होते. मी तसं सांगितलं. पुढच्या वर्षीही आले.

तिसऱ्या वर्षी घरोघरी गाड्या झाल्या आणि कॉलनीनं लॉनवर फरशा घालून पार्किंग केलं. दसऱ्याला फोन आला. मला नवी नोकरी, ऑफिसची कॅब खाली हॉर्न वाजवत होती. म्हटलं, “आले काका, तिघं आलेत.” पलीकडून इतका सुखाचा ‘अच्छा!’ आला की खरं सांगायचं राहून गेलं. मग पुढच्या वर्षीही राहिलं, त्याच्या पुढच्याही.

आणि एका ऑक्टोबरात काका स्वतःच आले. दोन बस बदलून, काठी टेकत. मी ऑफिसातून परतले तेव्हा ते गाड्यांच्या रांगेत उभे होते. मला बघून म्हणाले, “इथं जेवायला काय मिळणार त्यांना?”

मी त्यांना घरी आणून पाणी दिलं, तेव्हा ते हळूहळू बोलले. मिरजेजवळ त्यांच्या भावाचं शेत होतं. भावानं दोनदा पत्र पाठवलं होतं, इकडेच येऊन राहा म्हणून. “मी कळवलं, थोडं थांबतो. आपल्या लॉनवर अजून परीट येतात, इतक्यात दिल्ली सोडवत नाही. आता तोच शेत विकून त्याच्या मुलाकडे गेलाय.” मग माझ्याकडे बघून घाईनं म्हणाले, “तू रडू नकोस. मीच विचारत राहिलो ना!”

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही, मला लाज वाटत होती. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. मी घरी भेटायला गेले तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, “ताई, दसऱ्याला तुमच्याशी बोलले की बाबा आठवडाभर एकदम खुश असायचे. आम्हाला यार तेवढं जमलं नाही. थँक यू.”

मी मान हलवली. त्यांना वर्षाकाठी एक आठवडा खुश ठेवून मी त्यांचं शेत घालवलं होतं, हे त्याला सांगायचं धैर्य मला तेव्हाही झालं नाही.