मी ‘यल्ला’ म्हटलं तेव्हा

चिन्मय, सई,

मागच्या शुक्रवारी फोनवर तुम्ही विचारलंत, फ्रान्समध्ये आजोबांना नेमकं काय झालं होतं? तुमचा मामा ती गोष्ट हसवत सांगतो. मला ती अजून नीट उमगलेली नाही. आठवणीत माझ्या पदरचं काही मिसळायच्या आत, घडलं तसं लिहून ठेवते. आईकडून वाचून घ्या.

त्या उन्हाळ्यात आजोबा आणि मी, दोघंच दोहाहून निघालो होतो. आजोबांची चुलत बहीण शकू फ्रान्समधल्या एका खेड्यात राहते, तिच्याकडे. वहीत मी सगळं लिहून घेतलं होतं: बस, थांबा, साडेबाराला आजोबांचं इन्सुलिन, एकला शकूकडे जेवण. जपही मी तेव्हा असाच घड्याळ लावून करत असे. ऐकणारं कोणी आहे का, ही शंका मनात यायची. ती कुणाला सांगितली नव्हती.

इंजेक्शन बसमध्येच झालं. सां मार्तां या शकूच्या गावाच्या नावाची पाटी दिसली, तशी मी आजोबांना घाईने उतरवलं. बस निघून गेल्यावर लक्षात आलं, बिस्किटांची पिशवी आतच राहिली. थांब्यावर शकू नव्हती. फोनला रेंज नव्हती.

“शकूने गाव बदललं वाटतं,” आजोबा म्हणाले.

अर्ध्या तासाने त्यांची थट्टा थांबली. शर्ट घामाने भिजला, हात थरथरू लागले. “दोहा आलं का?” त्यांनी मला विचारलं. साखर उतरली होती, आणि इंजेक्शन माझ्या वेळापत्रकाने दिलेलं. मी तीन दारं ठोठावली. सगळ्या खिडक्या बंद, आतून कुणी ओ देईना.

ते बाकावर कलंडायला लागले. मी त्यांचा दंड धरला आणि देवाचं नाव घ्यायला गेले. रोजचं नाव, पण आठवेना. तोंडातून निघालं, “यल्ला, यल्ला.” याच अरबी शब्दावरून मी मामाला टोकते, ‘चला’ म्हणता येत नाही का तुला?

समोरच्या कुंपणामागून डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी बाई आली. तिने आजोबांकडे पाहिलं, आत गेली, आणि साखरेचे चौकोनी तुकडे आणून एकेक त्यांच्या तोंडात ठेवले. मग पुदिन्याचा गोड चहा आणला. बऱ्याच वेळाने आजोबांनी डोळे नीट उघडले आणि तिला म्हणाले, “शकू, चहा फक्कड झालाय.”

मी आभार मानत “शुक्रन, शुक्रन” म्हणत राहिले. तिने मान हलवली. माझाच शब्द तोडून म्हणाली, “या... अल्ला,” आणि वर बोट दाखवलं. इतकी वर्षं दोहात तो शब्द ऐकते, त्यात देवाला हाक आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

वहीतल्या नंबरवर तिनेच आपल्या घरच्या फोनवरून शकूला बोलावलं. शकू आली ती चिडूनच. “वहिनी, या नावाची दोन गावं आहेत, सांगितलं नव्हतं का मी?” सांगितलं असेल. दुसऱ्या गावाचं मी वहीत लिहून घेतलं नव्हतं.

मी हाक आजोबांना मारली की देवाला, मला सांगता येत नाही. धावून आला तो कुणाचा देव, तेही नाही. पूर्वी असा गोंधळ मला सहन झाला नसता. आता जपाला बसताना घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवते आणि जे माझ्या हातात नाही ते त्याच्यावर सोडते. त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं.

आजोबा आहेत. पलीकडे झोपलेत, आणि त्यांच्या श्वासाचा आवाज मला इथे ऐकू येतो आहे.