आठवं रीळ आधी

सातवी अर्धवट टाकून मी वऱ्हाडातून नाशकात आलो. एका टॉकीजच्या ऑपरेटरांनी मला मशीनच्या केबिनमध्ये हाताखाली घेतलं आणि घरी दोन वेळा जेवूही घातलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ऐंशीच्या आगेमागे मी बावीस-तेवीस वर्षांचा बाप्या झालो होतो, पण भीती पहिल्या दिवसाचीच होती. काहीतरी चुकेल आणि मला परत गावी धाडतील. मॅनेजरसाहेबांचा दमच तसा होता, "एक रीळ इकडचं तिकडे झालं, की तू नाशिक रोडला गाडीत."

तेव्हा रविवारी सकाळी आमच्याकडे इंग्रजी पिक्चर लागायचा. त्या वेळी आला तो अंतराळातला होता. एक माणूस लहान मुलीचा निरोप घेऊन यानातून जातो, एका भयंकर जड ग्रहावर उतरतो. तिथं गुरुत्वाकर्षण इतकं, की त्याचे थोडे तास जातात तोवर इकडे पृथ्वीवर वर्षंच्या वर्षं उलटतात. तो परत येतो तर दार उघडते पांढऱ्या केसांची म्हातारी. ती त्याची मुलगी.

नवीन पिक्चर आला की रिळांच्या पेटीची पूजा करायची, ही मास्तरांची रीत. ते नारळ फोडत, हळदकुंकू माझ्याकडे. त्या दिवशी माझी भक्ती जरा उतू गेली. नुसत्या पेटीला कशाला, प्रत्येक रिळाला कुंकू लावू म्हणून मी आठही डबे उघडले, झाकणं ओळीनं मांडली, कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि झाकणं परत बसवली. नंबर झाकणांवर होते. रिळाच्या टोकाच्या कोऱ्या फितीवरही नंबर असतो, पण ही प्रिंट गावोगाव फिरून आलेली, त्या फिती कधीच तुटून गेल्या होत्या. पाचव्याचं झाकण आठव्यावर बसलं आणि आठव्याचं पाचव्यावर. देवानं पाहिलं असेल, मी नाही.

मध्यंतरापर्यंत सगळं सुरळीत. मास्तर खाली चहाला गेले. मी 'पाचवं' रीळ लावलं, जरा आखूडच होतं. पडद्यावर दार उघडलं, म्हातारी आली, तो माणूस तिच्या गळ्यात पडून रडला, संगीत वाजलं आणि इंग्रजीत 'समाप्त' आलं.

लोकांच्या हातातला वडा अजून गरम होता.

"आरं, संपला? आत्ताच तं बसलो!" पुढच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं. "ग्रहावर गेलाच नाय त्यो!" शिट्ट्या सुरू झाल्या. खुर्च्या आपटू लागल्या. जिन्यावर मॅनेजरसाहेबांचे बूट वाजू लागले. माझ्या तोंडून केबिनच्या झरोक्यातून निघून गेलं, "बाप्पा! पाचव्याच्या जागी आठवं लागलं ना!"

झरोक्याच्या बरोबर खाली, बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत, कॉलेजचे पदार्थविज्ञानाचे एक सर बसले होते. पुढच्या रांगांत त्यांचा अख्खा वर्ग. सरांनी मान वर करून झरोक्याकडे पाहिलं. मग उभे राहिले.

"बसा रे सगळे! हेच तर शिकवत होतो ना मी? ओढ जास्त तिथं वेळ सावकाश. वणीच्या गडावर एक घड्याळ ठेवा आणि खाली पंचवटीत एक. गडावरचं कणभर पुढे जातं. या ग्रहावर तर ओढ अशी, की घड्याळ कासवासारखं चालतं. आधी शेवट दाखवलाय. म्हातारी कशी झाली ते आता बघा."

"आयला, डोकं आहे!" म्हणत पोरं बसली. त्यांचं पाहून पुढचे बाकही बसले. मॅनेजरसाहेब दारात धापा टाकत होते. "काय रे, पिक्चर संपला कसा?"

मी म्हटलं, "साहेब, सर म्हणतात तसंच आहे."

त्यांनी खाली पाहिलं. थिएटर चिडीचूप. ते आल्या पावली परत गेले.

मी सहावं लावलं, सातवं लावलं. तोवर मास्तर आले आणि माझ्या चेहऱ्यावरूनच सगळं समजले. त्यांनी उतरलेलं रीळ गुंडाळायला घेतलं. शेवटी खरं पाचवं लागलं. बाप यानात चढतोय, आणि कुंपणाशी ती मुलगी, दोन वेण्या घातलेली, हात हलवतेय. तेवढ्यावर रीळ संपलं. पडदा पांढरा.

मग पुढच्या बाकावरचा तोच आवाज आला, "आरं, पोरगी परत लहान झाली!" आणि टाळ्या. मीही डोळे पुसत होतो. धाकट्या बहिणीला पाळण्यात सोडून मी आलो होतो आणि गेल्याच पत्रात ती पाचवीत गेल्याचं होतं.

खेळ सुटल्यावर सर जिना चढून वर आले. मी पाया पडलो. "सर, माझ्यामुळं तुम्हाला पोरांशी खोटं बोलावं लागलं."

"ओढीचं खरं, घड्याळाचं खरं," ते म्हणाले. "क्रमाचं तेवढं तुमचं." पूजेचं खोबरं तोंडात टाकून ते गेले.

मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या रविवारी मास्तरांनी झाकणं बरोबर लावून दिली. तेवढ्यात मॅनेजरसाहेब वर आले. "गेल्या वेळेसारखाच चालव हं! तिकिटाला रांग कुठवर गेलीय बघ. कोणी म्हणे दुसरीकडे सरळ दाखवतात, काही मजा नाही. इकडचं तिकडे झालं तर माहितीय ना?"

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या पुसत म्हणाले, "लाव बाबा चुकीचं. आता बरोबर लावलंस तर जाशील."

तीन रविवार मी ते चुकीचं रीळ अगदी जिवापाड सांभाळून लावलं. दर वेळी सर नवी तुकडी घेऊन शेवटच्या रांगेत. 'समाप्त' आलं की एकदा वर झरोक्याकडे बघायचे आणि उभे राहायचे.

पिक्चर पुढच्या गावी गेला तेव्हा मास्तरांनी पेटीत चिठ्ठी टाकली, 'झाकणे तपासून लावली आहेत.' माझी नोकरी राहिली. पूजाही माझ्याकडेच राहिली, फक्त कुंकू मी बंद झाकणालाच लावू लागलो. आत काय आहे ते देवाला दिसतं. मला नंबर लागतो.