चारशे तेरा पुस्तकांचे लेखक

कॉलेजच्या ग्रंथालयात आक्कांनी एकोणतीस वर्षं पुस्तकांची सूची केली. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड, लांब लाकडी खणात, मोत्यासारख्या अक्षरात. स्वल्पविराम चुकला तरी कार्ड फाडून नवं लिहायच्या. ग्रंथपालसुद्धा त्यांना वचकून असत.

त्याच ग्रंथपालांनी एकदा चाचरत सांगितलं, "आक्का, सगळी कार्डं संगणकावर घ्यायचीत. लेखक कुठला, शीर्षक कुठलं हे यंत्राला कळावं म्हणून दोन्ही बाजूंना खुणा घालायच्या. टॅग म्हणतात."

"एवढंही कळत नाही त्याला?"

घरी सुनेने समजावलं, "आई, नावाआधी टॅग उघडायचा, नाव संपलं की बंद करायचा."

"म्हणजे डबा उघडला की झाकण लावायचं. हे मी तुझ्या सासऱ्यांना लग्नापासून सांगतेय."

सासऱ्यांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

दोन महिन्यांत आक्कांचा हात बसला. मग एका दुपारी रसायनशास्त्राचे निवृत्त सर धापा टाकत आले. "आक्का, मी चारशे तेरा पुस्तकं लिहिलीत!"

पडद्यावर खरंच तसं होतं. सरांच्या नावापुढचा टॅग बंद करायचा राहिला होता आणि भाबड्या संगणकाने खालची सगळी पुस्तकं सरांच्या पदरात घातली होती. आक्कांचे कान लाल झाले. त्या घाईघाईने टाइप करायला बसल्या.

"शनिवारपर्यंत राहू द्या की," सर हळूच म्हणाले. "व्याही येतायत, त्यांना इथे आणून दाखवतो. त्यांना वाटतं, मी जन्मभर नुसत्या काचेच्या नळ्या धुतल्या."

"सर, त्यात बाळंतपणावरची सहा आहेत."

"व्याही इतके खोलात जात नाहीत हो."

आक्कांनी टॅग बंद केला. चारशे तेराचं एक झालं आणि सरांचा चेहरा उतरला. सर गेल्यावर त्यांनी ते एकुलतं एक पुस्तक, गंजाविषयीचं, मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदाच वाचलं. कार्डावर चार ओळींत सगळं कोंबावं लागे, संगणकावर जागाच जागा होती. त्यांनी प्रकरणागणिक विषय घातले: नळ, पूल, पाण्याची टाकी, सायकल.

शनिवारी व्याही आले. सरांनी त्यांना संगणकासमोर बसवलं. व्याह्यांनी सहज 'टाकी' असं टाइप केलं, आणि पहिलंच नाव सरांचं!

"अहो, आमची टाकी कायम गंजते. का हो?"

सरांनी खुर्ची ओढली. दीड तास झाला तरी ते अजून गंजाच्या पहिल्याच थराविषयी बोलत होते, आणि व्याही केविलवाण्या नजरेने आक्कांकडे बघत होते.