ज्वारी कुठे दळता?

"हिला सीलिअ‍ॅक डिसीज आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटतं. माझी मुलगी रेणू तेव्हा पंधरा वर्षांची होती. पिपरी मेघे गावात आमची पीठगिरणी आहे. तिचे बाबा म्हणाले, "साहेब, गव्हावरच त आमचं घर चालते."

त्याआधी काही वर्षं पोट फुगायचं, रक्त कमी असायचं, उंची वाढत नव्हती. लोहाच्या गोळ्या झाल्या, जंताच्या झाल्या. अंग धरावं म्हणून मी तूप लावून जास्तीच्या पोळ्या खाऊ घातल्या. शेवटी एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा तपासला.

डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. आतड्याला आतून बोटांसारखे उंचवटे असतात, अन्नरस तेच शोषतात. त्यांच्या तळाशी मूळ पेशी असतात. त्या सतत नव्या पेशी घडवून वर ढकलतात, चार-पाच दिवसांत अस्तर नवं होतं. रेणूचे उंचवटे सपाट झाले होते.

"तळ शाबूत आहे. गहू बंद करा, अस्तर पुन्हा उभं राहील. उंचीला मात्र वेळ कमी आहे. हाडांची वाढणारी टोकं एकदा जुळली की वाढ संपली."

रेणूला पोलीस भरतीत जायचं होतं. रोज पहाटे मैदानावर पळायची.

घरात ज्वारीची भाकर सुरू झाली. वर्ष गेलं, तरी तपासण्या वाईटच. मी तिच्यावरच संशय घेतला. "खरं सांग, शाळेत समोसा खातेस ना?"

"नाई खात! मले पोलीस व्हायचं हाये, अन् तुले समोसा दिसते!"

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "ज्वारी कुठे दळता?"

"आमच्याच गिरणीत," मी ऐटीत सांगितलं. गव्हाचं दळण उतरलं की त्याच दगडांवर ज्वारी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे दगडांत उरलेलं गव्हाचं पीठ रोज तिच्या भाकरीत जातंय."

आता तिच्यासाठी वेगळी घरघंटी आहे. बाबा गिरणीतून आले की आंघोळ करूनच स्वयंपाकघरात येतात. दुसऱ्या एंडोस्कोपीत उंचवटे उभे दिसले. तळच्या पेशींनी वर्षभर काम थांबवलंच नव्हतं, त्यांनी उभारलेलं आम्ही रोज पाडत होतो. एक्स-रेत मात्र हाडं जुळलेली होती. भरतीच्या मापाला रेणू दोन बोटं कमी पडते.

ज्यांच्या घरी हा आजार निघेल त्यांनी धान्याबरोबर गिरणीही बदलावी. मला हे आधी कोणी सांगितलं नाही, आणि गिरणीवाली असून मला सुचलं नाही.

परवा एक बाई ज्वारीचा डबा घेऊन आली. रेणूचे बाबा म्हणाले, "घरी कोणाले गव्हाचा त्रास नाई ना?"

"काऊन जी भाऊ, गिऱ्हाईक हाकलून राह्यले का?" ती हसली.

ते हसले नाहीत. उत्तर येईपर्यंत त्यांनी डबा हातात घेतला नाही.