पुसलेल्या टेपवरचा मामा

माझ्या वडिलांनी देवळाली प्रवऱ्याकडच्या ऊसतोड कामगारांसाठी आयुष्यभर पत्रकं लिहिली. त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. ते गेले तेव्हा घरात पत्रकांचे गठ्ठे होते, आवाज मात्र कशातच नव्हता. नगरला रेडिओवर ते एकदाच बोलले होते. म्हणूनच तिथल्या जुन्या टेपा संगणकावर उतरवायचं कंत्राटी काम निघालं, तेव्हा मी धावत जाऊन अर्ज दिला.

चौथ्या महिन्यात वडिलांच्या नावाचा डबा हाती आला. लगेच टेप लावली. आतून कुणीतरी खोकत खोकत शेळ्यांच्या आजारांवर बोलू लागलं.

शेजारी बसणारी शेवगावची मैत्रीण ताडकन उठली. "अगं, हा माझा मामा! वारलेला! मागं घे, मागं घे!"

पूर्वी टेपा कमी पडत. कार्यक्रम लागून गेला की टेप पुसायची आणि दुसरा भरायचा, अशी रीत होती. डब्यावरची चिठ्ठी बदलायला कुणीतरी विसरलं होतं.

"तुझ्या बाबांना उठवून मामा बसला का गं?" ती ओशाळली, पण हसू काही तोंडावरून जाईना. मला ते ओरबाडून काढावंसं वाटलं. कामगारांची बाजू पुसायची आणि शेळीची हगवण ठेवायची, हा कुठला न्याय?

ती डबा खायला गेली. मी नोंदीत लिहिलं, 'टेप खराब. जतन करू नये.' दडपशाहीविरुद्ध पत्रकं वाटत मोठी झालेली मी. एका माणसाचा आवाज दाबायला मला एक ओळ पुरली.

ती परतली ती आईशी फोनवर बोलतच. फोन तिनं माझ्या हातात दिला.

"बाई, तुमी आवाज साफ करता म्हनं," पलीकडून आई म्हणाली. "खोकला तेवढा काढू नका. लई खोकायचा माजा भाऊ. त्याबिगर वळखूच यायचा न्हाई."

मी म्हटलं, "नाही काढत, मावशी."

फोन ठेवून मी ती नोंद खोडली. 'आवाज स्पष्ट. जतन करावे,' असं लिहिलं आणि टेप उतरवायला घेतली. मामा दर दोन वाक्यांनी खोकत होता. मी एकही खोकला काढला नाही, आणि दर खोकल्याला मला मैत्रिणीचा हेवा वाटत राहिला.